१९६६ ची मस्टँग: ऑटोमॅटिक काढून क्लच-गिअर बसवावा का?

रूटवन

मंडळी, गेल्या ऑक्टोबरात एकदाची हौस केली. १९६६ ची फोर्ड मस्टँग घेतली. हार्डटॉप, २८९ घनइंची (आपल्या हिशेबात ४.७ लिटर) व्ही-८ इंजिन, फिकट निळा रंग आणि डाव्या दाराच्या खालच्या कडेला गंजाचा फुगवटा. ज्यांच्याकडून घेतली ते आजोबा ऐंशी पार केलेले. किल्ली देताना त्यांनी गाडीच्या टपावर दोनदा थोपटलं, गोठ्यातली म्हैस विकल्यासारखं.

चासी नंबर ६टी०७सी असा सुरू होतो. सहा म्हणजे १९६६, सी म्हणजे दोन-बॅरल कार्ब्युरेटरचं २८९ इंजिन आणि 'टी' म्हणजे मेटचन कारखाना. नाव मेटचन, पण कारखाना होता इथे न्यू जर्सीत, एडिसनमध्येच, रूट वनवर. २००४ साली बंद झाला, पुढे पाडला, आता तिथे दुकानं आहेत. म्हणजे गाडीचं माहेर माझ्या घरापासून चार मैलांवर. हे कळल्यावर घासाघीस करायला तोंडच उघडलं नाही.

आता अडचण. गाडी ऑटोमॅटिक आहे, फोर्डचा तीन गिअरचा सी-४. सिग्नल सुटला की ॲक्सिलरेटर दाबतो, इंजिन गुरगुरतं, पण गाडी मानपान राहिलेल्या व्याह्यासारखी जागची हलत नाही. मग सावकाश वेग घेते, पंचवीस-तीस मैलांवर एकदा गिअर बदलल्याचा हलका धक्का बसतो आणि तिथून पुढे झकास पळते. तोवर शेजारची डिलिव्हरी व्हॅन पुढच्या सिग्नलला पोचलेली असते.

बाबा सध्या डोंबिवलीहून आलेत, वय ७६. त्यांनी १९८६ ची प्रीमियर पद्मिनी सतरा वर्षं चालवली. माझ्या शेजारी बसले की सिग्नल आला रे आला, त्यांचा डावा पाय आपोआप मॅटवर दाबला जातो. परवा म्हणाले, "एवढं मोठं इंजिन आणि क्लच नाही? मग ड्रायव्हर कशाला हवा?"

तर प्रश्न असा: सी-४ काढून पाच गिअरचा मॅन्युअल बसवावा का? कोणी केलंय का? खर्च, कटकट, आणि गाडीची किंमत पडते का, सगळं सांगा.

तिरफळ

वय किती आपलं? बाबांचं नाही, तुमचं. चाळिशीनंतर काही जण बुलेट घेतात, काही जण मॅरेथॉन धावतात. तुम्ही क्लच घ्या.

रूटवन

@तिरफळ ४७. बुलेट झाली, मॅरेथॉनच्या नावनोंदणीपर्यंत गेलो होतो.

मिशिगनी

केलंय. १९६५ ची होती, तेच इंजिन, तोच सी-४. २०१७ च्या हिवाळ्यात गराजमध्ये लोखंडी घोड्यांवर (स्टँडवर) चढवली ती मे महिन्यात उतरली. 'एका वीकेंडचं काम' असं कोणी सांगितलं तर त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा.

गिअर बॉक्स म्हणून लोक बहुतेक टी-५ घालतात. ऐंशीच्या दशकातल्या ५.० लिटर मस्टँगमध्ये यायचा तो. पाच गिअर, वजनाला हलका, साध्या २८९ ला पुरून उरतो. (त्याच काळातल्या चार सिलिंडरच्या गाड्यांतही टी-५ असायचा. तो स्वस्त मिळतो म्हणून घेऊ नका, त्याचं गिअरचं गणित वेगळं.) अगदी जुन्या पद्धतीने जायचं तर फोर्डचाच चार गिअरचा टॉपलोडर. लोखंडी डबा, मरत नाही, पण त्यात ओव्हरड्राइव्ह (हायवेला इंजिन कमी फेऱ्यांवर चालवणारा वरचा गिअर) नाही.

गिअर बॉक्स बसवणं हा सोपा भाग आहे हे आधी डोक्यात घ्या. जीव जातो तो पेडलांत. ऑटोमॅटिकचा ब्रेक पेडल चांगला रुंद असतो, तो काढून अरुंद घालायचा आणि शेजारी क्लचचा. त्यासाठी सीट काढून, पाठ जमिनीला आणि डोकं डॅशबोर्डखाली अशा अवस्थेत मी दोन रविवार काढले. बायको मधे मधे येऊन "जिवंत आहेस का" विचारून जायची.

बाकी डोक्यात राहिलंय ते सांगतो. ऑटोमॅटिकच्या इंजिनात क्रँकच्या मागच्या टोकाला पायलट बुश नसतो, तो बसवायचा, नाहीतर गिअर बॉक्सच्या शाफ्टला आधारच नाही. स्टार्टर वेगळा लागतो. रेडिएटरमध्ये ऑटोमॅटिकचं तेल थंड करायला दोन नळ्या जातात, त्या काढून भोकं बंद करायची. सी-४ चा व्हॅक्यूम मॉड्युलेटर (इंजिनवरचा भार ओळखून गिअर बदल सांभाळणारा) इंजिनमधून व्हॅक्यूम घेतो, तीही वाट बंद करायची. न्यूट्रल सेफ्टी स्विचच्या (गाडी गिअरमध्ये असताना सुरू होऊ न देणाऱ्या) वायरी जोडून टाकायच्या, नाहीतर किल्ली फिरवल्यावर नुसती शांतता. मी ती वायर विसरलो होतो. पाच महिने काम करून किल्ली फिरवली आणि काहीच झालं नाही. त्या दिवशी मी गराजच्या पायरीवर बसून आख्खं उप्पीट संपवलं, पातेल्यातूनच.

खर्च: जुना गिअर बॉक्स उघडून नीट केलेला, पेडल, क्लच, बेल हाउसिंग (क्लचभोवतीचं कवच), शाफ्ट, किरकोळ सगळं धरून चार हजार डॉलरच्या वर गेलं. मजुरी शून्य, कारण मजूर मीच.

उद्यमनगरी

@मिशिगनी फ्लायव्हीलबद्दल (क्रँकच्या मागचं जड चाक) लिहा की. मुख्य घोळ तिथंच असतोय.

मिशिगनी

@उद्यमनगरी बरं काढलंत, ती जखम मी मुद्दामच झाकली होती.

या इंजिनांचं बॅलन्सिंग पुरतं क्रँकमध्येच केलेलं नसतं. थोडं वजन पुढच्या पुलीमागच्या डॅम्परवर आणि थोडं मागे फ्लायव्हीलवर ठेवलेलं असतं. जुन्या २८९ आणि ३०२ ला ते २८ औंस-इंच. १९८२ पासूनच्या ५.० लिटरला ५०. दोन्ही फ्लायव्हील दिसायला जुळी भावंडं, बोल्टची भोकंही जुळतात. मला एका दुकानदाराने ५० वालं दिलं, मी बघितलं नाही. गाडी सुरू झाली, स्लो स्पीडला गोड चालली. रेस केली तर मिनिटाला १५०० फेऱ्यांच्या पुढे आरशातलं मागचं घर दोन-दोन दिसायला लागलं. मला वाटलं क्लच प्लेट वाकडी, म्हणून ती बदलली. मग वाटलं इंजिनचे माउंट गेले, तेही बदलले. शेवटी पुन्हा सगळं उतरवलं तेव्हा फ्लायव्हीलच्या मागे कोरलेला आकडा दिसला.

तर रूटवन, फ्लायव्हील हातात घेऊन, चष्मा लावून, आकडा वाचल्याशिवाय पैसे देऊ नका.

उद्यमनगरी

आमच्या वडिलांचं कोल्हापुरात उद्यमनगरात लेथचं वर्कशॉप होतं. ऐंशीच्या आसपासची गोष्ट. सांगलीकडच्या एका बागाईतदाराची शेवरले इम्पाला आली. तिला पॉवरग्लाइड, म्हणजे दोनच गिअरचा ऑटोमॅटिक. आतले बँड जळालेले. पार्ट मिळायचं नाव नाही, ऑटोमॅटिकचं तेलसुद्धा मुंबईहून आणायला लागायचं. वडील म्हणाले, काढा ते मडकं बाहेर.

जीपचा गिअर बॉक्स घेतला. इंजिन आणि गिअर बॉक्सच्या मधे लावायला बोटभर जाडीची प्लेट पत्र्यावर आखून, कापून, लेथवर घेतली. पेडल ॲम्बॅसिडरचे. प्रोपेलर शाफ्ट कापून परत जोडला आणि दोन लोखंडी पट्ट्यांवर हाताने फिरवून बघितला, तेच आमचं बॅलन्सिंग. गाडी पळाली बघा! फक्त एक झालं. मालकांना गाडी 'पी'त, म्हणजे पार्किंगला, टाकून उतरायची सवय. पहिल्याच दिवशी बंगल्याच्या उतारावर न्यूट्रलला सोडून आत गेले. गाडी मागं मागं जाऊन उसाच्या ट्रॉलीला टेकली. त्यानंतर डिकीत कायम एक दगड असायचा.

रूटवन, तुमच्या गाडीचा हँडब्रेक कसा आहे तेवढं बघून ठेवा.

रूटवन

@उद्यमनगरी दगड 😄 हँडब्रेक डॅशबोर्डखाली आहे, ओढायची मूठ. धरतो कधी कधी.

जुनंतेसोनं

माझं मत पडणार नाही, तरी लिहितो. साठ वर्षं एक गाडी जशी कारखान्यातून निघाली तशी राहिली. दाराच्या कडेवरची पाटी बघा, तिथे 'ट्रान्स' खाली ६ असेल, म्हणजे सी-४. तुम्ही मॅन्युअल घातलात की ती पाटी कायमची खोटी ठरली. आणि ही त्याच गावात बनलेली गाडी! चाकं बदला, रेडिओ बदला, पण आतडी कशाला बदलता?

शिवाय सी-४ हा फोर्डने काढलेल्या चांगल्या गिअर बॉक्सपैकी एक आहे. हलका, साधा, आजही सगळे पार्ट मिळतात. तो मरगळलेला असेल तर आजारी आहे. आजाऱ्याला औषध द्यायचं की घराबाहेर काढायचं?

पान्हा१४

@जुनंतेसोनं सोवळं जरा जास्त होतंय. १९६६ सालात सहा लाखांवर मस्टँग बनल्या. ही काही पेशव्यांची पालखी नाही. साधी सी कोडची हार्डटॉप आहे, आणि मॅन्युअल केलेलीला इथे गिऱ्हाईक उलट लवकर मिळतं. काढलेला सी-४ प्लास्टिकमध्ये गुंडाळून कोपऱ्यात ठेवायचा, पुढच्या मालकाला दोन्ही द्यायचं. पत्र्याला कुठे कापायचं नाही एवढं पथ्य पाळलं की झालं.

माझा आक्षेप वेगळाच आहे. रूटवन, ब्रेक काय आहेत? १९६६ म्हणजे चारही चाकांना ड्रम असणार आणि मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की ब्रेकच्या नळ्यांत तेल ढकलणारा) एका खणाचा. एक नळी फुटली की चारही चाकांचे ब्रेक गेले. दोन खणांचा मास्टर सिलिंडर १९६७ पासून आला. तुम्ही जोरात कसं निघायचं यावर चार हजार डॉलर घालताय. थांबायचं कसं त्यावर आधी सातशे-आठशे घाला.

फणसपोळी

+१ पान्हा. माझ्या नवऱ्याला वाचून दाखवलं, त्यांनी मोबाइल काढून घेतला.

पद्मिनीचा विषय निघालाय म्हणून. मी गाडी शिकले तीच मुळी पद्मिनीवर, स्टीअरिंगच्या दांड्यावरचा गिअर. दादाची गाडी जुनी, खालच्या रॉडचे बुश झिजलेले. घाईत गिअर टाकला की रॉड एकमेकांत अडकायचे आणि गाडी न पुढे न मागे. मग उतरायचं, बॉनेट उघडायचं, रॉड हाताने धक्का देऊन सोडवायचा, पदराला हात पुसायचे आणि पुन्हा बसायचं. एकदा खंडाळ्याच्या घाटात झालं. मागे एस.टी., ड्रायव्हर उतरून आला. मला वाटलं ओरडणार. त्याने नुसतं बॉनेटमध्ये हात घातला, खट्कन सोडवलं आणि म्हणाला, "ताई, दुसऱ्यातनं पहिल्यात येताना मधे जरा श्वास घ्यायचा."

आता टोयोटा चालवते. श्वास घेते, पण गिअरसाठी नाही.

तिरफळ

ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली तेव्हा माझ्या मेव्हण्याने स्टेटस ठेवलं होतं, 'एका युगाचा अंत'. हाच मेव्हणा पद्मिनी टॅक्सी आली की मागच्या कूल कॅबसाठी थांबायचा.

वडापावअनलिमिटेड

भारतात असं काही करता येईल का? माझ्या काकांकडे एक जुनी मर्सिडीज आहे, ऑटोमॅटिक, उभीच आहे.

नानापेठकर

@वडापावअनलिमिटेड जपून. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की निर्मात्याने नोंदवलेल्या मूळ स्वरूपाशी विसंगत बदल गाडीत करता येणार नाहीत. पूर्वी पेट्रोलच्या गाड्यांत सर्रास डिझेल इंजिनं बसायची तो जमाना गेला.

शिवाय गाडी ५० वर्षांवरची असेल तर २०२१ च्या नियमांखाली व्हिंटेज म्हणून नोंद होते, नंबरात 'व्हीए' अक्षरं येतात. नव्या नोंदणीला वीस हजार रुपये. पण अट अशी की गाडी मूळ रूपात हवी, मोठा फेरफार केलेली नको. काकांना सांगा, आहे तोच गिअर बॉक्स दुरुस्त करून घ्या. उभी ठेवली म्हणून सील सुकली असतील, बाकी काही नसेल.

स्नेहल_लीड्स

आमच्याकडे विलायतेत आणखी गंमत. ऑटोमॅटिक गाडीवर परीक्षा दिली तर लायसन्सवर फक्त ऑटोमॅटिकच. माझ्याकडे मॅन्युअलचं आहे, नवऱ्याकडे नाही. त्यामुळे भाड्याची मॅन्युअल गाडी घेतली की ते शेजारी बसून नकाशा वाचतात. लग्नाला अकरा वर्षं झाली, इतकी शांतता दुसरी कशात मिळाली नाही.

अर्धवट_इंजिनिअर

कोणी डिफरन्शिअलचं, म्हणजे मागच्या ॲक्सलमधल्या गिअरचं, बोलतच नाहीये. रूटवन, दाराच्या पाटीवर 'ॲक्सल' खाली कुठला आकडा आहे?

रूटवन

@अर्धवट_इंजिनिअर बघून आलो. ट्रान्स ६, ॲक्सल पण ६.

अर्धवट_इंजिनिअर

१९६६ ला ॲक्सल ६ म्हणजे २.८०, म्हणजे चाकाच्या एका फेरीला शाफ्टच्या २.८० फेऱ्या. लांब पल्ल्याचा, पेट्रोल वाचवणारा. आता हिशेब बघा.

टी-५ चा पाचवा गिअर ०.६८. त्याला २.८० ने गुणलं की १.९०. तुमच्या मापाच्या टायरवर ताशी ६० मैलांना इंजिन साधारण १५४० फेऱ्यांवर फिरेल. आत्ता सी-४ च्या तिसऱ्या गिअरमध्ये ते २२६० च्या आसपास असणार. १५४० वर हे इंजिन चढ आला की कुंथणार, म्हणजे पाचवा गिअर न्यू जर्सी टर्नपाइकवर सपाटीला वापरायचा आणि एरवी शोभेला. खरा उपयोग हवा तर मागे ३.५५ चं क्राउन-पिनियन घाला, मग ६० ला १९५० येतं. पण तो वेगळा खर्च, आणि ते काम घरच्या घरी करू नका. दात नीट जुळले नाहीत तर डिफरन्शिअल शिट्टी मारत राहतं.

पहिल्या गिअरला मात्र फरक कळेल. टी-५ चा पहिला ३.३५, सी-४ चा २.४६.

मिशिगनी

अगदी बरोबर. माझी ३.०० होती, पाचवा टाकला की गाडी पुस्तक वाचत बसल्यासारखी वाटायची. शेवटी मागचंही बदललं. चार हजारांत हे धरलेलं नाही, आमच्या घरात तो आकडा अजून जाहीर झालेला नाही.

पान्हा१४

क्लच कसा ओढणार ते ठरवलंय का? जुन्या पद्धतीचा झेड बार (दांड्यांची जोडणी), केबल, की हायड्रॉलिक? माझं मत हायड्रॉलिक. महाग आहे, पण पाय दुखत नाही.

मिशिगनी

केबल. टी-५ बरोबर येणारं बेल हाउसिंग मुळात केबलचंच. हायड्रॉलिकचं सील फुटलं की भर सिग्नलला क्लच जमिनीला.

पान्हा१४

आणि केबल तुटली की? फायरवॉलचा (इंजिन आणि पायांमधल्या भिंतीचा) पत्रा मागून बळकट केला नाही तर दर वेळी क्लच दाबताना तो आत-बाहेर होतो, मग केबल घासते.

मिशिगनी

म्हणून तर मी बळकट केला.

पान्हा१४

म्हणजे मान्य की कटकट आहे.

तिरफळ

तुम्ही दोघं एकाच गराजमध्ये राहता का?

फणसपोळी

रूटवन, एक साधा प्रश्न. शनिवारी संध्याकाळी ओक ट्री रोडवर, आपल्या देशी बाजारात, गेलात का कधी? पटेलांच्या दुकानापासून डोशाच्या हॉटेलापर्यंत जायला वीस मिनिटं, इंच इंच. हाफ क्लचवर डावा पाय थरथरायला लागला की ऑटोमॅटिकची किंमत कळते.

रूटवन

@फणसपोळी तो प्रश्न आमच्या घरीही झाला. बायको म्हणते, "क्लच बसवलास की ही गाडी तुझी एकट्याची. मी हात लावणार नाही." हे धमकी म्हणून सांगितलं की वरदान म्हणून ते तिच्या चेहऱ्यावरून कळेना.

काडेपेटी

सगळे वाचले. मला एक सांगा. रूटवन पहिल्या पोस्टमध्ये लिहितात की निघताना गाडी मरगळलेली, मग पंचवीस-तीस मैलांवर एकदा गिअर बदलतो. सी-४ ला गिअर तीन. तीन गिअरला दोनदा बदल हवा. दुसरा बदल कुठे गेला?

रूटवन

@काडेपेटी तो आधीचा बदल इतका मऊ असेल की जाणवत नसेल?

काडेपेटी

साठ वर्षांचा सी-४ पहिल्यातून दुसऱ्यात जाताना जाणवत नाही? जाणवतो हो, कपातला चहा सांगतो.

गिअरच्या दांड्यापाशी जी खुणांची पट्टी आहे तिच्यावर काय काय लिहिलंय? फोटो नको, डावीकडून वाचून सांगा. आणि चालवताना दांडा कुठे ठेवता?

रूटवन

पी, आर, एन, मग बारीक ठिपका, मग मोठा ठिपका, मग एल. मोठ्याचा रंग बहुतेक हिरवा होता, आता उडालाय. 'डी' कुठेच नाही. मी 'एन'च्या लगेच पुढच्या, बारीक ठिपक्यावर ठेवतो. आजोबांनी चक्कर मारून दाखवली तेव्हा त्यांनीही तिथेच ठेवला होता.

काडेपेटी

झालं.

१९६६ पर्यंतच्या सी-४ ला 'डी' नावाची जागा नव्हती. मोठा हिरवा ठिपका म्हणजे नेहमीचं चालवणं: पहिला, दुसरा, तिसरा. बारीक ठिपका म्हणजे गाडी दुसऱ्या गिअरमध्ये सुटते, मग तिसरा. बर्फात, चिखलात चाकं जागेवर फिरू नयेत म्हणून ती सोय. १९६७ पासून ही पद्धत बदलली. 'एन'नंतरची पहिली खूण तीच ड्राइव्ह असणार, असं आजच्या गाडीतून आलेल्या कोणालाही वाटतं.

तुमच्या आजोबांनी गाडी कुठल्या महिन्यात दाखवली मला माहीत नाही, पण त्यांची सवय हिवाळ्याची दिसते. तुम्ही ऑक्टोबरपासून ४.७ लिटरची गाडी प्रत्येक सिग्नलला दुसऱ्यात उचलताय.

तिरफळ

😂😂😂 चार हजार डॉलर + डिफरन्शिअल + फायरवॉल + उप्पीट. एका ठिपक्यासाठी.

अर्धवट_इंजिनिअर

वा काडेपेटी! आणि मी इथे गुणाकार करत बसलो होतो. पुन्हा करतो: सी-४ चा दुसरा गिअर १.४६. गुणिले २.८० म्हणजे ४.०९. पहिल्यात सुटली असती तर ६.८९. म्हणजे निघताना चाकाला हवी त्याच्या साठ टक्के ताकद मिळतेय. व्याही रुसणारच.

उद्यमनगरी

आधी गिऱ्हाईकाला विचारायचं, 'कशी चालवता?', मग पान्हा हातात घ्यायचा. वडील हेच सांगायचे. आम्ही सगळेच विसरलो बघा.

जुनंतेसोनं

मी 'आजारी आहे' म्हणालो होतो. तेही चूक निघालं. धडधाकट आहे.

रूटवन

आत्ताच आलो. रात्रीचे साडेनऊ वाजलेत, पण राहवेना. बाबांना उठवलं, ते बंडीवर कोट घालून आले.

मोठा ठिपका. कोपऱ्यावरचा सिग्नल सुटला, नेहमीच्या अंदाजाने ॲक्सिलरेटर दाबला आणि मागचा टायर *किंचाळला*. बाबांनी दारावरची मूठ धरली. दहा-बारा मैलांवर एक धक्का, पुढे दुसरा. दोन धक्के! रूट वनपर्यंत जाऊन आलो, जिथे कारखाना होता त्या दुकानांच्या पार्किंगमध्ये एक फेरी मारली. सात महिने मी या गाडीबद्दल चारचौघांत काय काय बोललो ते सगळं आठवलं.

बायकोला सांगितलं. ती पाच मिनिटं हसली, मग म्हणाली, "उद्या मी चालवणार."

मिशिगनी

अभिनंदन आणि धिक्कार. माझी १९६५ पण त्याच ठिपक्यांची होती. मी कुठल्या ठिपक्यावर चालवायचो ते आता आठवायचा प्रयत्न करतोय, आणि आठवू नये अशी इच्छा आहे.

पान्हा१४

मग क्लचचं काय ठरलं?

रूटवन

@पान्हा१४ यंदा नाही. आधी दोन खणांचा मास्टर सिलिंडर आणि पुढे डिस्क ब्रेक, कारण आता ती खरंच पळते आणि थांबण्याचं मला पहिल्यांदाच भय वाटलं. मॉड्युलेटरची रबरी नळी तडकलेली दिसली, तीही बदलतो. पण जूनमध्ये पेनसिल्वेनियात कार्लाइलला फोर्डवाल्यांचा बाजार भरतो, तिथे जाणार आहे. पेडलांचा जोड स्वस्तात मिळाला तर घेऊन ठेवीन. नुसता ठेवीन.

बाबांना विचारलं, आता बरी वाटते का. म्हणाले, "पळते. पण पळवतंय कोण, तू का ती?" आणि परतताना प्रत्येक सिग्नलला डावा पाय होताच मॅटवर.

स्नेहल_लीड्स

मॅटखाली एक खोटा पेडल बसवून द्या त्यांना.

उद्यमनगरी

ॲम्बॅसिडरचा आहे आमच्याकडे. पाठवू?

वाचनमात्र

सहा वर्षं इथे नुसता वाचतोय, आज पहिल्यांदा लिहितो. हा धागा वाचून खाली पार्किंगमध्ये गेलो. माझी २००३ ची कॅमरी आहे, चढावर इंजिन फार ओरडतं, पेट्रोल खाते, म्हणून विकायला काढली होती. गिअरच्या दांड्याला अंगठ्यापाशी एक बारीक बटण आहे. ते दाबलं तर डॅशबोर्डवरचा 'ओ/डी ऑफ' (ओव्हरड्राइव्ह बंद) हा दिवा विझला.

तो दिवा मी गाडी घेतली तेव्हापासून पेटलेला होता. मला वाटायचं तो तसाच असतो.